भिंतीवरची शाई

आमच्या वॉर्डात स्टुलाशेजारची भिंत
कमरेच्या उंचीला निळी-जांभळी आहे.
दर दिवाळीला चुना देतात,
तुळशीच्या लग्नापर्यंत ती पुन्हा तशीच.
अंगठा उठवला की माणूस शाई कुठेतरी पुसतोच,
आणि कापूस आम्हाला मोजून मिळतो.

बारा वर्षं मी ते अंगठे धरलेत.
मनगट पकडायचं, पॅडवर दाबायचं, कागदावर टेकवायचं,
"हो गया अम्मा, चलो."
कागद इंग्रजीत. घाई सगळ्यांच्या भाषेत.

त्या मंगळवारी सव्वीस नंबरच्या खाटेवर
जोबटकडची थावरी होती.
शनिवारी जन्मली म्हणून थावरी. वय तिला ठाऊक नव्हतं,
मी पस्तीस लिहिलं.
पिशवी काढायची होती.
मनगट धरलं, तर तिनं मूठ मिटली
आणि काहीतरी बोलली.

झाडू टेकवून दितली आली. तीही तिकडचीच, रविवारची.
"सिस्टर, पूछ रही है, इसमें लिखा क्या है?"

बारा वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं.
खरं सांगते, मीही वाचलं नव्हतं.

वाचलं मग. इंग्रजीतून माझ्या हिंदीत,
हिंदीतून दितलीच्या भिलीत,
दर उंबरठ्यावर थोडं सांडत.
'गुंतागुंत'साठी दितलीनं कुठला शब्द काढला कोण जाणे,
दोघी हसल्या.

मला आमची वहिनी आठवली.
पलासियाच्या नर्सिंग होममध्ये तिला आधी खुर्ची दिली.
डॉक्टरांनी पिशवी काढली ती कागदावर,
उलट्या नासपतीसारखी,
वर म्हणाले, घाई नाही, आणखी कुणाला दाखवून या.
वहिनीनं दाखवलं. पिशवी अजून तिच्याचकडे आहे.
रिपोर्टात दोघींचे सेंटिमीटर जवळजवळ सारखे.

थावरीनं विचारलं, नाही म्हटलं तर?
मी कागद उलटा केला, सुलटा केला.
त्याला रकाना नव्हता.

पुढचं दितली सांगेचना, बादली उचलायला लागली.
मी थांबवलं.
"पूछती है, काटनेवाले का नाम क्या है?
मेरा तो सबने लिख लिया."

डॉक्टर अजमेरा मागे येऊन उभे होते, घड्याळ बघत.
त्यांनी मास्क खाली केला. वेळ लागला,
जणू नाव कुणाकडून उसनं आणायचं होतं.
"सुमतिलाल," म्हणाले.
थावरीनं ते तोंडात घोळवून बघितलं.
फारसं आवडलं नसावं.

मग काय.
बहीण उद्याच्या बसनं येतेय, तिला विचारते, म्हणाली.
तिला व्हरांड्यात गादी मिळाली,
मला मेमो: 'अनावश्यक विलंब'.

संध्याकाळी सव्वीसवर दुसरी बाई.
फॉर्म धरला, आणि माझा हात
सवयीनं मनगटाकडे गेला.
मागे घेतला.
"अम्मा, पढ़के सुनाती हूँ."
माझाच आवाज मला जरा नाटकी वाटला.
खिडकीतून खान नदीचा वास येत होता.

त्या भिंतीवर थावरीनं न पुसलेली शाई कुठली,
ते विचारू नका.
तिथं कोरी जागा ओळखू येत नाही.