झाकण

फरशी बसवली तेव्हा झाकण खाली गेलं,
कुठं, ते आता कुणाला सांगता येईना.
परभणीहून टँकर आला. शेवंताकाकू घागरी घेऊन धावल्या,
वास आल्यावर हसत माघारी फिरल्या.

मैनोद्दीननं पहार उलटी धरून अंगण ठोकलं,
टरबूज पारखावं तसं, कान देऊन.
तुळशीजवळ पोकळ वाजलं.

पाइप सोडला. बारा वर्षांचं आमचं
गुडगुडत वर येऊ लागलं.
तळ दिसतो का, म्हणून मी वाकलो.
"मागं सरा!" तो ओरडला. मग हळूच,
"आत वाकायचं नसतंय. भाऊ वाकला होता माझा,
सेलूला."

जाताना त्यानं भिंतीवर खडूनं बाण काढला, खाली तारीख.

पावसात खडू जाईल,
म्हणून रविवारी त्यावरून ऑइलपेंट फिरवला.
बाण जरा वाकडाय.
तसाच ठेवला.