चिखलीची खिडकी

बारा महिन्यांना बारा नद्या हव्या होत्या.
गोव्यात तेवढ्या भरेनात, म्हणून एकीचेच दोन महिने केले :
वर म्हादई, खाली मांडवी.
शापोऱ्याच्या काठी धुकं फुकटात मिळालं.
झुआरीसाठी चिखलीला उतरलो, ओहोटी लागताना.
ट्रायपॉड रोवला तर वीतभर रुतला;
गावाचं नाव कुणी उगाच ठेवत नाही.

कंपनीने कळवलं होतं :
बार्ज नको, क्रेन नको, माणसं तर नकोतच,
निसर्ग हवा.
डावीकडे सरकलो, बार्ज गेली.
थोडा खाली वाकलो, पूल गेला.
उरली एक बाई, कंबरभर पाण्यात.

इस्पेरांस तिचं नाव, ते नंतर कळलं.
ती पाण्याकडे बघतही नव्हती.
पायांच्या बोटांनी तळ चाचपत चालली होती,
दिवे गेल्यावर आपल्याच घरात चालावं तशी.
थांबली की वाकायची,
खांद्यापर्यंत, गालापर्यंत,
आणि वर यायचा एक चपटा शिंपला,
बशीएवढा, मेणचट.

"जरा बाजूला होता का?" मी ओरडलो.
"हांव खंय वचूं? तूंच सर."

मग काठावर आली. टोपलीत मोजून नऊ.
"आवयच्या वेळार..." म्हणाली,
पुढचं बोललीच नाही.
हाताने फक्त जेटीकडची जागा दाखवली,
जिथला गाळ उपसून झालाय
आणि आता पाय टेकत नाहीत.

काच यायच्या आधी
इथल्या खिडक्यांना हेच बसवायचे,
घासून, चौकोनी कापून, लाकडी पट्ट्यांत.
ऊन आत यायचं, झळा बाहेर राहायच्या.
किती पिढ्यांनी
नदीतूनच दिवस उगवलेला पाहिला.

नवांतला एक रिकामा निघाला, तो मला दिला.
मी तो भिंगासमोर धरला :
बार्ज, क्रेन, पूल,
इस्पेरांसच्या डोक्यावरचं पिवळं फडकं,
सगळं एकाच दुधाळ उजेडात,
कुणी कुणाला बाहेर न काढता.
बटण दाबलं. एकदाच.

कंपनीने अकरा फोटोंचे पैसे दिले.
शेरा होता : झुआरी अस्पष्ट.
डिसेंबर त्यांनी कुठल्याशा धबधब्यावर भागवला.

शिंपला पणजीत, भाड्याच्या खोलीच्या खिडकीत आहे.
त्याच्या कडेला अजून चिखल दिसतो, वाळलेला.
पावसाळी हवेत
त्याला थोडा वास येतो.