निशाणी क्रमांक एकेचाळीस

शिवाजीनगर कोर्टात, दुसऱ्या मजल्यावर,
माझं चित्र प्लॅस्टिकच्या पिशवीतून बाहेर निघालं.
कोपऱ्यात लाल पेनानं: निशाणी ४१.
माझ्या चित्राला एवढा वरचा नंबर कुणी दिला नव्हता.

मी सुलभा मेमाणे, वय त्रेपन्न,
महापालिकेच्या शाळेत चित्रकला शिकवते.
मतदार जागृतीचं पत्रक करा, असं वरून आलं.
आमच्याकडे सगळं वरूनच येतं,
पाणी सोडून.

एका प्रभागात चार जागा, चार रंगांच्या पत्रिका,
पांढरी, गुलाबी, पिवळी, निळी.
चारही मतं दिल्याशिवाय यंत्र बोलत नाही.
पुठ्ठ्याचं यंत्र काखोटीला मारून
मी पाटील इस्टेटच्या बोळाबोळांत हे सांगत फिरले.
गजराबाई ससाणे म्हणाल्या,
"म्हणजे चारी लेकरांना वाढल्याबिगर आईनं ताटावर बसायचं न्हाई."
मी ते वाक्य जसंच्या तसं पत्रकात घातलं.
साहेबांनी खोडलं. भाषा कार्यालयीन नाही म्हणाले.

हात मात्र राहिला.
गजराबाईंचाच हात,
भांडी घासून नखं झिजलेला,
अनामिकेत तांब्याचं वेढं.
तर्जनी तिसऱ्या बटणावर.
तेव्हा कुणी अर्जसुद्धा भरले नव्हते.

गुलाबी पत्रिकेवर तिसरे होते, ते निवडून आले.
सतरा मतांनी.

वकील दातीर, चष्मा कपाळावर:
"तिसरंच का, बाई?"
"कागदाचा मध्य तिथं येत होता."
"पहिलं का नाही?"
"मग पहिले निवडून आले असते का?"
"साक्षीदारानं प्रश्न विचारायचे नसतात."
न्यायाधीशबाईंनी माझं बोलणं धुऊन, इस्त्री करून
टंकलेखकाला सांगितलं:
मध्य साधण्याच्या हेतूने.
मी हेतू म्हटलं नव्हतं.
खाली सही माझीच आहे.

मग यंत्रांच्या खोलीचं कुलूप, एका पेटीचं सील,
त्यावरचा न जुळणारा आकडा,
दोन्हीकडचे कागद, दोन्हीकडचे आवाज.
त्यातलं खरं काय, मला ठाऊक नाही.

मला ठाऊक आहे ते असं.
मतदानाच्या दिवशी गजराबाई तीन बटणं दाबून
वळल्या. यंत्र गप्प.
आतला माणूस म्हणाला, "जावा मावशी, मी बघतो."
दारापर्यंत पोचल्या तेव्हा
पाठीमागे लांबलचक शिट्टी वाजली.
संध्याकाळी त्यांनी हे मला हसत हसत सांगितलं,
धाकट्या लेकराला कुणीतरी वाढलं एकदाचं, या सुरात.

हे दातीरांनी विचारलं नाही.
समोरच्या वकिलांनीही नाही.
बाहेर व्हरांड्यात मी आपणहून सांगायला गेले, तर म्हणाले,
"ऐकीव आहे. विचारलं तेवढंच बोलावं, बाई."

गजराबाईंना म्हटलं, मला निशाणी मिळाली.
"अगं बाई! मग उभ्या राहताय?"
उभीच होते, पावणेदोन तास.
पुढची तारीख जूनची.
जूनमध्ये वकिलांच्या घरी लग्न निघालं.
मग न्यायाधीशबाईंची बदली.
सतरा मतांचे साहेब तेवढ्यात
तीन रस्ते, एक विरंगुळा केंद्र
आणि स्वतःच्या नावाच्या अकरा कमानी करून मोकळे झाले.

आता पुन्हा पत्रक करायचं आहे. वरून आलंय.
या वेळी हात काढला तो अधांतरी,
बटणांपासून चांगला वीतभर लांब.
कोर्टात कुणी बोट ठेवू नये म्हणून.

कच्चं चित्र गजराबाईंना दाखवलं.
डोळ्यांजवळ धरून बराच वेळ पाहिलं त्यांनी,
स्वतःचं वेढं ओळखलं,
मग हात लांब करून कागद परत दिला.
"समदं झ्याक हाय. पर हिचं बोट
पोचंना की हो, बाई."