स्थानिक नाव

आमच्याकडचा पासपोर्ट प्रवासाचा नसतो.
चार पानी फॉर्म: गाव, तालुका, अक्षांश, रेखांश,
मातीचा रंग, देणाऱ्याचं नाव,
आणि अकराव्या रकान्यात स्थानिक नाव.

एमएस्सीचं दुसरं वर्ष. परभणीहून सकाळची एसटी,
जिंतूरच्या पुढं, येलदरीच्या अलीकडं उतरायचं.
पाठीवर कापडी पिशव्या, जीपीएस, टॅगचा गठ्ठा,
आणि दुधाटे मॅडमनी तीनदा बजावलेलं:
चांगली कणसं निवडायची नाहीत.
पन्नास झाडं, डोळे मिटून घेतल्यासारखी.

कौसाबाई बांधावरून बघत होत्या.
"ते वाकडं कामून घ्यायलीस?
बेण्याला कुणी वाकडं धरतं का?"
मी सांगितलं जमेल तसं. दुष्काळ, रोग, पन्नास वर्षांनंतरची हवा,
कोणत्या दाण्यात काय दडलंय ते आज कळत नाही.
त्या बराच वेळ गप्प.
मग म्हणाल्या, "आमच्या धाकटीचं असंच झालं,"
आणि पुढं काही बोलल्या नाहीत.

घरी मडक्यात हात घालून
राखेत घोळलेलं, कडुनिंबाच्या पाल्यातलं
आणखी शेरभर काढून दिलं.
"हिला काय म्हणता?"
"ज्वारी."
"तसं नाही. हिचं नाव?"
"घरातल्याला नावानं कोण हाक मारतं?"

निघताना म्हणाल्या,
"बेणं नेलं की सव्वाईनं परत येतं.
तुझं विद्यापीठ पाळतं का हे?"
मी हो म्हणाले.
प्रोटोकॉलमध्ये असं काही नव्हतं.

मग राख झटकली, पाला वेचला.
सिलिका जेलवर दाणे सुकवले पाच टक्के ओलाव्यापर्यंत.
ओल्या टिपकागदावर शंभर मांडले.
दहाव्या दिवशी एकसष्ट उठलेले,
एकोणचाळीस तसेच पडून.
वाकड्या कणसाचे वेगळे मोजायचे नसतात.
मी मोजले. प्रबंधात ते नाहीत.

पंच्याऐंशीच्या खाली म्हणजे पुन्हा पेरा.
ऑक्टोबरात प्रक्षेत्रावर सहा ओळी,
पोटरीतून कणीस डोकावलं की
खाकी पिशवी, स्टेपल, तारीख,
शेजारच्या वाणाचा वारा लागू नये म्हणून.
हनीफमामू पाणी सोडता सोडता थांबले:
"इतके नवरदेव सेहरा बांधून उभे, मॅडम,
अन् वरात काही निघंना."

शेवटी ॲल्युमिनियमचं पाकीट,
उणे अठरा अंश.
आत अंधारात कौसाबाईंची ज्वारी
कुणाकुणाच्या ज्वारीला खेटून.
क्रमांक चौऱ्याऐंशी हजार तीनशे चौतीस.
अकरावा रकाना अजून कोरा.

भादव्यात सव्वा शेर घेऊन गेले.
शिवारात जिकडंतिकडं सोयाबीन.
मडक्याला भुंगा लागला होता, घरातलं बेणं संपलेलं.
त्यांनी एक दाणा दाढेखाली धरला,
कट्ट असा आवाज झाला, मग मान हलवली.
"काय नाव ठेवलंत हिचं?"
मी क्रमांक सांगितला, पूर्ण.
पदर तोंडाला लावून हसल्या.
"आगं, एवढी लांब हाक मारंपर्यंत
पाखरं कणीस खाऊन जातील."

पौषात फोन आला.
मी बाइंडिंगच्या दुकानात, हातात प्रबंधाच्या पाच प्रती,
पाठीमागं मशीनची खडखड.
"तुझं चौतीस निसवलं बरं का.
गयाबाईबी मागायलीय चौतीस,
म्हनलं, सव्वाईनं देशील तर ने.
अन् मधी एक वाकडं आलंय.
ठिवलंय तसंच."

दुसऱ्या दिवशी रजिस्टर काढलं.
आधी पेन्सिलनं लिहिलं,
मग मॅडमना न विचारता
शाईनं गिरवलं.