मागची बाजू

मुरतझा दश्तींच्या दुकानात एसी आहे,
तो त्यांच्यासाठी नाही, कागदांसाठी.
मनामात ऑगस्टची हवा इतकी ओली
की भिंतीवरच्या कॅलेंडरलाही पोट सुटतं.
शुक्रवारची नमाज झाली की ते शटर अर्धंच वर करतात,
मी वाकून आत जाते.

बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात बायका उभ्या,
गालाला गाल लावून.
बर्लिनची एक, नाव घासून गेलेलं, खांद्यावर मेलेला कोल्हा.
कैरोची एक, भुवया पेन्सिलीनं परत काढलेल्या.
आणि मुंबईच्या मिस शशिकिरण.
खरं नाव रेबेका, असं दश्ती म्हणतात,
कारण त्यांचे वडील म्हणायचे.
हातात कागदी कमळ, डोळे असे वर
जसं कुणी माडीवरून हाक मारलीय.
सगळ्यांची तोंडं जराशी उघडी.
कुणाचंच वाक्य पुरं झालेलं नाही.

मी एक्स-रे काढते. आठवड्याचे सहा दिवस
गुदैबियाच्या दवाखान्यात सांगत असते:
श्वास घ्या. धरून ठेवा. सोडा.
परांचीवरून पडलेले, यंत्रात बोटं गेलेले,
आणि पडद्यावर मला दिसतं
चेहरा सोडून बाकी सगळं.
कदाचित म्हणून असेल. माहीत नाही.
खोलीतली शिजी म्हणते,
"पगार झाला की तू मेलेल्या बायका विकत घेतेस."
मी म्हणते, तू सोनं घेतेस.
"सोनं गहाण टाकता येतं."
यावर माझ्याकडे उत्तर नाही.

मिस शशिकिरण बारा दिनारांना होत्या.
मी नऊ म्हटलं. दश्तींनी कार्ड उलटं केलं.
"मागं कुणीतरी घाण केलीय. सात द्या."

घाण म्हणजे मोडी.
जांभळी शाई, हात न उचलता लिहिलेली,
आपल्याच घरात कुणी दाराआड बोलावं तशी:
आवाज ओळखीचा, शब्द एकही नाही.
तिकीट नाही, पत्ता नाही.
म्हणजे पाठवलं नाही.
म्हणजे, मी ठरवून टाकलं, धीर झाला नाही.
बसमध्ये मी त्याला बायको दिली, देवरुखची,
अशाच हनुवटीची.
मुहर्रकचा पूल दिसेपर्यंत एक मुलगीही झाली होती.

वाईच्या गणपुलेकाकांना फोटो पाठवला,
जन्म दफ्तरखान्यात गेलेला माणूस.
तीन दिवसांनी त्यांचा आवाज आला,
मागे कुकरची शिट्टी.
"हिशोब आहे गं हा.
तांदूळ, सव्वा रुपया. घासलेट, तीन आणे.
वहाण शिवून, अर्धा आणा.
विठ्ठलशेट यांजकडून उसने, पाच.
घरी मनिऑर्डर, बारा.
मग काहीतरी खोडलंय. मग...
थांब, चष्मा...
बाईची तसबीर, दोन आणे.
झालं. बेरीज चुकलीय त्याची.
तसबिरीचे दोन आणे धरलेच नाहीत."

बायको, मुलगी, हनुवटी
मी मुकाट्यानं परत घेतली.
पण ते दोन आणे राहिले.
लिहिले, आणि धरले नाहीत.
एक तारखेला मनी एक्स्चेंजच्या खिडकीपाशी
मी घरी सांगायची आकडेमोड करत होते:
भाडं, फोन, शिजीचे उसने.
सात दिनार आले आणि गेले,
मी त्यांना थांबवलं नाही.

काल शेवटचा पेशंट गेल्यावर
अडगळीतल्या जुन्या व्ह्यू-बॉक्सचं बटण दाबलं.
ट्यूब दोनदा लुकलुकली, लागली.
कार्ड वर ठेवलं.
पुठ्ठ्यातून उजेड आला, थोडासाच,
आणि मोडी उलटी होऊन
शशिकिरणबाईंच्या चेहऱ्यावर उतरली.
कमळावर तांदूळ असावा. कपाळावर बहुतेक घासलेट.
उघड्या तोंडापाशी काय आलं
ते काही मला वाचता येईना.

श्वास धरून ठेवा, मी म्हटलं.
सोडा म्हणायचं राहिलं.