दुपारचा भाव शून्य

सान्तियागोतल्या ह्या खोलीला खिडकी नाही.
ऊन मला आकड्यांतून कळतं:
सव्वा बारा, उत्तरेच्या वाळवंटात
सात हजार मेगावॉट, अजून चढतंय.

बाजार म्हणजे काय, कुणी विचारलं
तर मी रांग सांगते.
स्वस्त तो पुढे. ऊन, वारा, नदीचं पाणी,
मग कोळसा, मग गॅस,
आणि शेवटी डिझेल, धापा टाकत.
देशाची तहान भागली की रांग थांबते,
आणि ज्याच्यापाशी थांबली
त्याचाच भाव सगळ्यांच्या पदरात,
पहिल्याच्याही.

आज उत्तरेत ती पहिल्यापाशीच थांबली.
भाव शून्य.

त्याच मिनिटाला, त्याच तारेच्या खालच्या टोकाला,
पुएर्तो मोन्तमध्ये दुपारीच दिवे लागलेत,
सरपण ओलं आहे,
कुणाच्या तरी कुंपणाआड डिझेलचं यंत्र घरघरतंय.
तिथे भाव एकशे नव्वद डॉलर.

मधली तार भरलेली आहे. एवढंच.
ऊन उतू चाललंय, आणि पेला लांब आहे.

म्हणून मी उन्हाला नको म्हणते.
चार आकडे, एक बटण,
आणि मारिया एलेनाच्या मैदानावर हजारो काचा
सूर्याकडे तोंड करून बिनकामाच्या.
हे सांडणं कुठेच ओलं करत नाही.

मग मेहियोनेसला फोन.
(ह्या फोनवरचं सगळं नोंदलं जातं,
म्हणून मी मामाला मामा म्हणत नाही.)
"युनिट तीन, किमान भारावर या."
"किमानावरच आहे, यास्ना.
ह्याच्या खाली नेलं तर भट्टी विझेल,
पेटवायला दीड दिवस.
आणि संध्याकाळी सातला तूच शोधत येशील."

खरंय. सातला सूर्य समुद्रात उतरतो
आणि अख्खा देश चहाची किटली ठेवतो, पाव भाजतो,
आणि मी मघाशी नको म्हटलेलं ऊन
कुठेही साठलेलं नसतं.

धुरावर कर आहे, टनामागे पाच डॉलर.
पण रांग लावताना तो मोजायचा नाही
असं नियमातच लिहिलंय.
पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटलं, छापताना काहीतरी चुकलं.

एदुविखिस मामी बिल पुढ्यात ठेवते.
"ऊन फुकट ना गं? मग हे काय?"
मी सांगायला बसते: करार वीस वर्षांचे,
तारेचं भाडं,
मागे गोठवलेल्या दराची थकबाकी, व्याजासकट.
ती ऐकून घेते, चष्मा पुसते,
बिल पुन्हा बरणीखाली सारते.
माझ्या पडद्यावरचा शून्य
ह्या घरापर्यंत पोचतच नाही.
वाटेत सगळे त्यातून आपापलं काढून घेतात,
शून्यातूनसुद्धा.

भट्टीची शेवटची तारीख मात्र पोचली आहे.
फ्रीजच्या दारावर, मासळीच्या आकाराच्या चुंबकाखाली:
एकतीस डिसेंबर.

निबाल्दो मामा तिच्याकडे बघत नाही,
तो फ्रीज ऐकतो.
"जरा खाली आहे," म्हणतो. "एकोणपन्नास पॉइंट नऊ."
मी फोनवर बघते. एकोणपन्नास पॉइंट एक्याण्णव.
चौतीस वर्षं ज्या चाकाशेजारी उभा राहिला
ते चाक जात्यासारखं त्याच्या कानात फिरतंय.

बंद झाल्यावर राखेच्या ढिगाऱ्यामागे
पांढऱ्या पेट्या येणार, बॅटऱ्या,
दुपारचं ऊन सातपर्यंत सांभाळणाऱ्या.
त्यांच्या राखणीला माणूस लागेल. मामाने अर्ज केलाय.
चाचणीची एक पेटी आलीसुद्धा.

मी म्हटलं, कंटाळशील. त्यांना आवाज नसतो.

"असतो," तो म्हणाला.
"वरच्या पट्टीत. काल रात्री भिंतीपाशी उभा राहून ऐकला.
अजून नीट लागलेला नाही."