साठ मिली

छत्तीस वर्षं मी लोकांची मापं तपासली.
पंपावरचं पाच लिटरचं, रॉकेलचं,
तागडीच्या तळाला चिकटवलेली चिंच.
त्यामुळे बारमध्ये बसलो की आधी पेगमाप बघतो,
मग मालक, मग चखणा.
सवय आहे.
बायको म्हणायची, सवय नाही, खोड.

सातपूरच्या 'गारवा'त साठचे चौपन्न भरतात.
दुसरी पाळी सुटली की टेबलं पुरत नाहीत,
माणसं उभ्यानेच क्वार्टर संपवतात
आणि मूठभर बडीशेप तोंडात कोंबून
घरी न प्यायल्यासारखी निघतात.
तिथला सुकांत ओडिशाचा.
मराठी शिकला ती पिणाऱ्यांकडून,
म्हणून त्याला शिव्या येतात आणि समजूत काढणं येतं,
मधलं काही येत नाही.
'जाऊ द्या काका, होतं असं,' म्हणतो
आणि कमी भरलेला ग्लास पुढे सरकवतो.
मी जाऊ देतो.

नाशिकरोडला 'न्यू कपिला', पन्नास मिली.
कोपऱ्यात प्रेसमधला गायखे.
कोऱ्या नोटांचे गठ्ठे आयुष्यभर हाताखालून गेले,
पण बिल देताना मळकी दहाची
अंगठ्याने तीनदा चोळतो,
दोन चिकटल्या तर नाहीत ना.
शेंगदाणे फुकट. कांदा मागावा लागतो.
या जिल्ह्यात, कांदा, मागावा लागतो!
भाव पडले की मात्र वाटी न सांगता येते,
तेव्हा कुणी तिच्याकडे बघत नाही.
लासलगावकडचा कुणी बसलेला असेल
तर तो वाटी पालथी घालतो.

पंचवटीत पीत नाही.
कुणी मनाई केलेली नाही.
तिकडे आपण ओंजळ वेगळ्या कामाला धरतो, एवढंच.

गेल्या दिवाळीत भाच्याने गंगापूर रोडला नेलं.
घंटेएवढा ग्लास, त्याच्या बुडाशी वाईन.
'मामा, आधी हुंगा. लाकूड येतंय का?
ओली माती?'
मला आठवला दिंडोरीच्या चुलत्याच्या बागेतला
फवारणीचा वास,
चुलता तोंडाला गमछा बांधून ओळीतून जाताना.
बोललो नाही. 'येतंय,' म्हणालो. 'लाकूड.'
माप चोख होतं, थेंबाचा फरक नाही.
बिलावर सेवा वेगळी लावली होती.
गाणं इतकं मोठं
की मी भाच्याला काय सांगितलं
ते मलाही ऐकू आलं नाही.
काहीतरी त्याच्या मामीबद्दल होतं.

आता बहुतेक भद्रकालीत जातो.
देशीचं दुकान, पत्र्याचं, आत एक बाक
आणि भिंतीला पाठी टेकून टेकून पडलेला
काळा पट्टा, खांद्यांच्या उंचीवर.
ठकूबाई लोंढेचं.
चौऱ्याण्णवच्या मार्चमध्ये तिचं माप मी जप्त केलं होतं.
तळ आतून ठोकून वर आणलेला.
दंड, पंचनामा, अंगठा.
तिने पाणी विचारलं होतं.
मी ड्युटीवर आहे, म्हणालो होतो.

गल्ल्यावर आता पोरगा आहे,
माप अजून तिच्याच हातात.
मला बघितलं की बाटली जरा उंच धरते,
सगळ्यांना दिसेल अशी ओतते.
'बघा साहेब. कमी नाही ना?'

मी ग्लास उचलून डोळ्यांच्या रेषेत आणतो, नियमाप्रमाणे.
काठावर जो फुगा दिसतो तो धरायचा नसतो,
मधला खोलगट भाग वाचायचा.
कितीजणांना शिकवलं हे.
पण तो भाग थांबतच नाही,
डावीकडे जातो, उजवीकडे येतो.
दिवा हलतोय म्हणून वर बघितलं.
दिवा हलत नव्हता.

मागे दोघं खोळंबलेत.
एकजण खोकला.
ठकूबाईने ग्लास माझ्या हातातून घेतला,
फळीवर ठेवला,
फडक्याने फळी पुसली आणि म्हणाली,

'खाली ठेवून बघा साहेब.
तिथं दिसंल.'